तोंडात साखर कोण घालणार?

पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीने आमच्या डायबेटिसवाल्यांच्या मंडळाला फसवलं. तीन रकाने कबूल केले, दोनच दिले. गाळला तो रंगनाथरावांचा.

रंगनाथरावांनी अंकुशनगरला कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या तोलण्यात जन्म घालवला. रिटायर झाले, पण काटा डोक्यातून उतरला नाही. पंगतीतून उठणाऱ्याला विचारणार, "गाडी भरली का रिकामी?" शहागडला माझ्या टायरच्या दुकानात आले की मलाही तेच. एकदा मी भडकलो, "राव, गिऱ्हाईक सांभाळू का पोट मोजू?"

"शेठ, रिकाम्या गाडीचं वजन न्हाई घेतलं, तर ऊस किती ते कसं कळन?"

हीच खोड कामाला आली. दवाखान्याच्या कॉम्प्युटरात पेशंटची काय माहिती ठेवायची, हे विचारायला कंपनीची पोरं मंडळात आली. त्यांच्या कागदावर शुगरला एकच रकाना. रंगनाथराव उठलेच. "एका वजनावर गाडी सोडता व्हय? उपाशीपोटी रिकामी, जेवल्यावर भरलेली. दोन लिहा, बराबर. आन् तिसरा लिहा, तोंडात साखर कोण घालणार?"

सगळे हसले. एक पोरगा म्हणाला, "काका, पेढे नंतर वाटू."

"हसून काय राह्यले! गोळी जास्त झाली, शुगर उतरली, हातपाय थरथरले, जीभ जड पडली. मंग साखर द्यायला घरात कोण हाय? त्याचं नाव पाहिजे."

हसू थांबलं. मी सौदा तिथंच पक्का केला: आजाराची हकीकत आम्ही देतो, पण तिन्ही रकाने राहतील. पोरांनी माना हलवल्या.

नमुन्याचे कागद भरले. मी बायकोचं नाव लिहिलं. कागद गोळा करताना रंगनाथरावांचा हाती आला. त्यांची बायको वारलेली, लेक दूर सुरतेला. तिसऱ्या रकान्यात माझं नाव. मला विचारलंसुद्धा नव्हतं.

"राव, मी शहागडला, तुम्ही इथं अंकुशनगरला. साखर घेऊन पोचणार कधी?"

ते कागदाकडेच बघत होते. "खोडू का, शेठ?"

"राहू द्या," मी म्हणालो. तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडलं की पहिला फोन त्यांना. "गाडी भरली का रिकामी?"

पुढे दवाखान्यात कॉम्प्युटर लागला. रकाने दोनच. मी कंपनीला फोन लावला. साहेब म्हणाले, "तो रकाना बऱ्याच जणांचा रिकामाच राहत होता, म्हणून काढला."

अहो, रिकामा राहत होता म्हणूनच तर तो ठेवायचा होता! आणि एकाचा भरलेला होता. तिथं माझं नाव होतं. ते कुणाला विचारून खोडलं, जबाब द्या.