इनासकाकांचं पावलं

आमच्या ऑफिसात पैसे आले की इनासकाका उठून उभे राहतात. राष्ट्रगीताला उभं राहावं तसे ताठ. मोबाइलवर टिंग वाजलं की खुर्ची मागे, चष्मा कपाळावर, मेसेज दोनदा वाचायचा आणि ज्याने पैसे पाठवले त्याला थेट आफ्रिकेत फोन लावून ओरडायचं, "पावलं!" हॅलो नाही, गुड मॉर्निंग नाही. "पावलं!" आणि फोन बंद.

मी नवीनच लागले होते तेव्हा या आरोळीने दचकून माझा चहा सांडला. दीड दिरहॅमचा चहा, म्हणजे पस्तीसेक रुपये, सगळे ओढणीवर. मी वैतागून म्हटलं, "अहो काका, रिसीव्ह्ड म्हणा की! त्यांना मराठी कुठे कळतंय?"

"बाय, रिसीव्ह्ड बोललो की ते विचारतात कधी, किती, कुठल्या बँकेत. पावलं बोललो की खलास. कोणी काय विचारत नाय."

मी दुसरा चहा मागवला.

इनास डाबरे मूळचे वसईचे. इथे आखातात, देऱ्याच्या या ऑफिसात त्यांचा जन्म गेला. आम्ही गॅसच्या शेगड्या, थर्मास आणि सोलरचे दिवे पूर्व आफ्रिकेत पाठवतो, बरेचसे खाडीवरच्या गलबतांतून. काका शारजातल्या अल नहदाला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, पहिल्या मजल्यावर. मी चौदाव्या. लिफ्टमध्ये ते पाऊल ठेवत नाहीत. "जिला खिडकी नाय अशा खोलीत मी जात नाय," म्हणतात. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, तिथेही जिनाच. सकाळी माझ्या गाडीतून येतात आणि शारजा ते देरा, सबंध रस्ता मला गाडी शिकवतात. मला लायसन्स मिळून आठ वर्षं झाली आहेत, हे त्यांना पटत नाही.

पेट्रोलचा वाटा मात्र महिनाअखेरीला बँकेच्या ॲपवरून न चुकता टाकतात. दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना उगीच दाराशी घुटमळतात. मला वाटायचं, गुडघे धरले असतील.

आता त्या आफ्रिकेच्या पैशांबद्दल. मी बीकॉम आहे, पण हे प्रकरण मला अजून नीट कळलेलं नाही. तिकडे म्हणे बँकेत फारसं कोणी जात नाही, फोन हीच तिजोरी. आमची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक म्हणजे दार-ए-सलामची मामा नीमा. मामा म्हणजे तिकडे आई, बाईमाणसाला मानाने म्हणतात. मी पहिले कित्येक महिने तिला कोणाचा तरी मामा समजत होते आणि ईमेलमध्ये 'डिअर सर' लिहीत होते. तर ही मामा राहते टांझानियात. पैसे सोडते शेजारच्या देशातल्या, मोम्बासाच्या भावाच्या फोनवरून. मग एक कंपनी शिलिंगचे डॉलर करते, दुसरी डॉलरचे दिरहॅम करते, आणि आम्हाला मेसेज येतो तिसऱ्याच देशातल्या, लुसाकाच्या कुठल्याशा भाच्याच्या नावाने. एका बाईच्या शेगड्यांसाठी एवढं खानदान! मी वहीत बाण काढून बघितले. बाण फिरून पुन्हा मोम्बासाला गेले.

काकांना यातलं काही विचारलं की म्हणायचे, "कोणाकडून का येईना, पावलं ना? मग झालं."

एक दिवस आमच्या शेठना वाटलं, आपण मॉडर्न झालं पाहिजे. नवी सिस्टम आली. पैसे आले की गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज जाणार, 'पेमेंट रिसीव्ह्ड, थँक यू.' शेठ काकांना म्हणाले, "इनास, कलसे फोन बंद. सिस्टम बोलेगा." दुसऱ्या दिवशी टिंग वाजलं, काका सवयीने उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं आणि खाली बसले. मला आपलं बरं वाटलं. म्हटलं, चला, आता ओढणी वाचली.

वाचते कसली! दोनच आठवड्यांत धंदा ठप्प. आमच्याकडे निम्मे पैसे आधी येतात, माल धक्क्यावर पोहोचला की उरलेले. निम्मे आले, सिस्टमने थँक यू म्हटलं, माल धक्क्यावर गेला, आणि पुढे काहीच नाही. मामा नीमाच्या शेगड्या गलबतासमोर उन्हात पडल्या. गलबतवाला रोज फोन करून हिंदी, अरबी आणि बलुची अशा तिन्ही भाषांत माझा उद्धार करायचा. ऑफिसच्या नंबरवरून लावलेला फोन कोणी गिऱ्हाईक उचलेना.

त्यातच मी नव्या सिस्टममध्ये एक रकाना उघडला. पैसे पाठवणारा तिथे स्वतःचा शेरा टाकतो. जुन्या पद्धतीत तो आम्हाला दिसायचाच नाही. बघते तर प्रत्येक शेऱ्यात एकच नाव. 'फॉर पावलो.' 'मिस्टर पावलो, प्लीज कन्फर्म.' 'पेड टू पावलो.' मी यादी तशीच शेठना नेऊन दाखवली. आमच्या ऑफिसात पावलो नावाचा कोणीही नाही!

शेठ लालबुंद झाले. "ये पावलो कौन है?"

काका डोकं खाजवत म्हणाले, "पावलो? एक आहे. माझ्या मावशीचा मुलगा. वसईला असतो."

मी कपाळाला हात लावला. शेठ ओरडले, "वसई? मतलब अपना पैसा वसई जाता है?"

"नाय शेठ, तो केळी विकतो," काका म्हणाले. याने खुलासा होईल असं त्यांना खरंच वाटलं होतं.

शेठनी निर्वाणीचं सांगितलं. गुरुवारपर्यंत पावलोचा उलगडा झाला नाही, तर व्हिसा कॅन्सल, इनास घरी. संध्याकाळी गाडीत काका मला एकदाही ब्रेक मार म्हणाले नाहीत. उतरताना म्हणाले, "बाय, मी चोर नाय गं." मला इतका राग आला! शेठचा, सिस्टमचा, त्या पावलोचा, सगळ्यांचाच.

गुरुवारी सकाळी मी काकांच्या जुन्या, पावलंवाल्या मोबाइलवरून मामा नीमाला फोन लावला आणि तिने तो पहिल्याच रिंगला उचलला. मी स्पीकर चालू केला. शेठ समोर बसलेले, काका भिंतीला टेकून उभे.

"मामा, पैसे का थांबवले?" मी इंग्रजीत विचारलं.

"माय डॉटर, आय सेंड हाफ. मशीन सेज थँक यू. हू इज मशीन? व्हेअर इज पावलो?"

"मामा, हू इज पावलो?"

"द मॅन! एव्हरी टाइम ही टेक्स माय मनी, ही टेल्स मी हिज नेम. पावलो! व्हेरी प्राऊड मॅन. नाऊ, नो पावलो. आय थिंक थीफ हॅज युअर ऑफिस. ऑर पावलो इज डेड. वी प्रेड फॉर हिम इन चर्च."

शेठनी माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे बघितलं. काकांनी हळहळून विचारलं, "कोण गेलं गं?"

"तुम्ही!" मी म्हटलं. "काका, आत्ताच्या आत्ता पावलं म्हणा."

"पण आज पैसे कुठे आलेत? न येता कसं बोलू?"

"अहो, म्हणा!"

"खोटं नाय बोलणार मी."

नोकरी चालली होती आणि हे हटून बसलेले! शेवटी मी हात जोडले. "मागचे निम्मे आले ना? तुमच्याकडून ते सांगायचं राहिलंच आहे. त्याचं म्हणा."

हे त्यांना पटलं. ताठ झाले, चष्मा कपाळावर, फोन जवळ घेऊन म्हणाले, "पावलं!"

पलीकडून किंकाळी आली. "पावलो! यू आर अलाइव्ह!" मागे आणखी चार बाया ओरडल्या, कोणीतरी टाळ्या पिटल्या. थोड्याच वेळात टिंग वाजलं. उरलेले पैसे, लुसाकाच्या भाच्याकडून. शेठनी घाम पुसला आणि म्हणाले, "ठीक है हबीबी, सिस्टम भी रहेगा, पावलो भी रहेगा."

संध्याकाळी शारजाच्या वेशीवर नेहमीसारख्या गाड्या तुंबल्या होत्या. मी विचारलं, "काका, पण पावलंच का?"

"रोझीचा शब्द तो," ते म्हणाले. रोझी म्हणजे त्यांची बायको, तीन वर्षांपूर्वी गेली. "मी पहिला ड्राफ्ट पाठवला तेव्हा घरी फोन नव्हता. नाक्यावरच्या बूथवरून तिने फोन केला. मीटर पळायचा ना, म्हणून एकच शब्द बोलायची. पावलं. नंतर फोन फुकट झाले, तरी तेवढंच. त्याच्यावरून मला कळायचं बाईला सर्दी झालीय की माझ्यावर रागावलीय."

पुढची गाडी हलली. मी हलले नाही, तरी त्यांनी मला गाडी शिकवली नाही.

"मुलगा कॅनडात, त्याला माझे पैसे नकोत. तरी एक तारखेला मी घरच्या खात्यात टाकतोच. ॲप बोलतं, सक्सेसफुल. कोणाला सक्सेसफुल गं? म्हणून कोणाचे पैसे आले नि कळवलं नाय, हे मला जमत नाय. तिकडे कोणतरी फोन धरून बसलेलं असतं."

मागून हॉर्न वाजले, मी गाडी पुढे घेतली.

बिल्डिंगखाली ते जिन्याकडे गेले, मी लिफ्टकडे. घरात शिरून पर्स टाकते तोवर मुलगी म्हणाली, "मम्मा, युअर फोन." बघते तर काकांचा पेट्रोलचा वाटा. एरवी मी असला मेसेज बघून फोन ठेवून देते. आज उभ्याउभ्याच नंबर लावला.

"काका," मी म्हटलं, "पावलं."

पलीकडून घसा खाकरून काका म्हणाले, "लिफ्टमधे आहे गं, आवाज तुटतोय. परत बोल."

मी परत बोलले. या वेळी जरा मोठ्याने.