एकाक्षरी सरदारांची गिऱ्हाइकाच्या यंत्रावरील स्वारी

श्री. पुढें लिहिलें तें जैसें घडलें तैसेंच लिहिलें, पदरचें कांहीं घातलें नाहीं, आणि घातलें असल्यास शोभेपुरतें, ऐसें जाणून वाचणारांनीं अवधान द्यावें.

कोडखात्यांत सरदार बहुत नामांकित. सात वर्षांत त्यांनीं यंत्रास द्यावयाची एक आज्ञा, जीस कमांड म्हणतात, पुरती लिहिली नाहीं. लांब आज्ञांस एकेक अक्षर नेमून दिलें; एक दाबतां नवा कोड हजर, आणि दुसरें दाबतां प्रोग्रामाच्या खास छावणींत, जीस व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात, थेट प्रवेश. छावणीबाहेर तो प्रोग्राम पाऊल टाकीत नसे. तपासनीस ताई मात्र हरएक आज्ञा सबंध लिहीत, म्हणोन सरदारांनीं त्यांस "टायपिस्ट" ऐसा किताब बहाल केला, आणि सारें खातें हंसत असे.

मग गिऱ्हाइकाचा खलिता आला कीं तुम्हीं धाडिलेला प्रोग्राम आमच्या यंत्रावर बारा वाजण्याचे आंत चालूं लागला तर करार कायम, ना तर बरखास्त. साहेबांनीं फर्माविलें कीं दोघांनीं जावें. सरदारांनीं अर्ज केला कीं हा आमच्या डाव्या हाताचा मळ, ताईंस तसदी कशास, आणि एकटेच कूच करते जाहले. फाटकावर पहारेकऱ्यानें लॅपटॉप व मोबाइल जप्त करून बिल्ला दिला, आणि सरदार तैसेच आंत दाखल जाहले.

परक्या यंत्राच्या काळ्या पडद्यासमोर बैसोन सरदारांनीं आपलें अक्षर दाबिलें. जबाब आला कीं ऐसी आज्ञा ठाऊक नाहीं. दुसरें दाबिलें, तोच जबाब. तेव्हां ध्यानीं आलें कीं अक्षरें सारीं फाटकावरच्या लॅपटॉपांत राहिलीं, आणि मूळ आज्ञा आपण साफ विसरलों. यंत्रास इंटरनेट वर्ज्य. आठवेल तैसें लिहिलें तें उलटें पडलें, आणि साडेअकरा जाहले, आणि गिऱ्हाइकाच्या मॅनेजरबाई घड्याळाकडे पाहूं लागल्या.

मेजावर फोन होता, त्याचा रिसीव्हर नादुरुस्त, सबब स्पीकरवरचें बोलणें साऱ्या खोलीस ऐकूं जाई. सरदारांनीं खरा पराक्रम केला तो येथें. कचेरीचा नंबर फिरवोन ताईंस बोलाविलें.

"ताई, मला एकही कमांड आठवत नाहीये."

ताईंनीं विचारिलें,

"एन्व्हायर्नमेंट तरी बनवलंय का?"

"तेही नाही."

"बरं. मी सांगते तसं लिहा. मध्ये स्वतःची हुशारी नको."

मग ताई सांगत गेल्या आणि सरदार लिहीत गेले, कोठें टिंब, कोठें आडवी रेघ, कोठें नुसती रिकामी जागा, आणि बोटें अडखळत, आणि मॅनेजरबाई हंसूं दाबीत. सरदारांस लाज वाटली, आणि खरें सांगावें तर हलकेंही वाटलें. बारांस चार मिनिटें उणीं असतां प्रोग्राम चालूं लागला.

गिऱ्हाइकानें करार कायम केला, आणि खालीं शेरा मारिला कीं पुढील खेपेस फोनवरच्या बाईंस पाठवावें, सोबत यांस आणिल्यास हरकत नाहीं. साहेबांनीं शेरा मंजूर केला. येणेंप्रमाणें मोहीम फत्ते होऊन ती तपासनीस ताईंच्या नांवें दप्तरीं दाखल जाहली. दाखल करणार खुद्द सरदार असेत.