तात्यांची टोपली

आमच्या शेजारचे तात्या रोज सकाळी मोबाईलवर भाजीबाजार करतात. वांगी, दोडका, भेंडी, मेथी, सगळं त्या ॲपच्या टोपलीत भरतात आणि मग एकेक करून सगळं काढून टाकतात. ऑर्डर म्हणून कधी देत नाहीत.

आमची भिंत सामाईक आणि तात्यांचा आवाज तालमीत कमावलेला. त्यामुळे माझा चहा उकळेपर्यंत अख्खा बाजार मला ऐकावा लागतो. "ही भेंडी बघ. न्हाय? व्हय की, फोटूच त्यो. फोटूत कोण बी देखणं दिसतंय. काढली!"

ते ॲप मीच त्यांच्या मोबाईलमध्ये घालून दिलं होतं. वय झालेलं, घरात आजारपण, निदान पायपीट तरी वाचेल, अशी माझी भाबडी समजूत. पण तात्यांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. खरी भाजी ते दारावरच्या हातगाडीवरूनच घेतात. कंपनीनं त्यांना पटवायला काय नाही केलं! घरपोच फुकट द्यायची तयारी दाखवली, वर कोथिंबीर देऊ केली. शेवटी 'तुमची टोपली वाट पाहत आहे' असा निरोप आला. तात्यांनी तो मला गॅलरीतून ओरडून वाचून दाखवला. "टोपली वाट बघतीया म्हणं, पोरी! बघू दे की. मला कुठं घाई हाय?"

एकदा मी वैतागलेच. घ्यायचं नाही तर सकाळी सकाळी हा दंगा कशाला, हे विचारायचंच म्हणून आमटीची वाटी घेऊन त्यांच्या घरात शिरले.

तात्या पलंगाच्या काठावर बसले होते. पलंगावर मालूकाकी, त्यांची बायको. काकींना लकवा झाला, त्यात उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला, 'नगं'. तात्या मोबाईल त्यांच्या डोळ्यांपुढं धरून विचारत होते, "वांगी घ्यायची?"

"नगं," काकी म्हणाल्या. चांगल्या ठसक्यात म्हणाल्या.

तात्या खुलले. "बघितलंस? धडधाकट हुती तवा बी अशीच. लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजीवालीची पाटी उपसायची, भेंडीची शेंडी मोडून बघायची, सगळ्यास्नी नगं म्हणायची, मग पावशेर घ्यायची. मी आपला पिशवी धरून मागनं."

नवराबायकोचं बोलणं म्हणून त्या घरात एवढंच शिल्लक होतं. मी वाटी ठेवली आणि काही न विचारता परत आले. त्यानंतर त्या दंग्याचा मला कधी राग आला नाही.

गेल्या आठवड्यात तात्या स्वतःच आमच्या दारात आले. आवाज पार बसलेला.

"ती नगं म्हणंना, पोरी. वांगं दावलं, गप. दोडका दावला, गप."

डॉक्टर येऊन गेले. आता बोलण्याची आशा धरू नका, असं सांगून गेले. तात्यांनी ते ऐकून घेतलं आणि त्याच दुपारी त्या ॲपवर जन्मात पहिल्यांदा ऑर्डर दिली. फोटोला नाही, तर खऱ्या भाजीला तरी ती नाक मुरडेल, असं त्यांचं म्हणणं.

भाजी आली. मी तिथंच होते. वांगी सगळी भोकं पडलेली. तात्यांना इतका आनंद झाला, की मला त्यांच्याकडं बघवेना. "बरं झालं किडकी आली! आता गप बसती व्हय ती!"

त्यातलं सगळ्यात वाईट वांगं निवडून त्यांनी काकींपुढं धरलं. "मालू, बघ की. कीड हाय. म्हण की नगं. एकदाच म्हण."

काकींनी वांग्याकडं पाहिलं, तात्यांकडं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. तात्या हात तसाच धरून बसून राहिले. मला रडू आवरेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तात्या, मी तक्रार करते मोबाईलवर. परत नेतील ते."

तात्यांनी विळी पुढं ओढली आणि किडका भाग काढून वांगं चिरायला घेतलं.

"ऱ्हाऊ दे, पोरी," ते म्हणाले. "तिनं कुठं नगं म्हटलंय?"