शालनबाईंच्या नावे सनद आली ते वर्तमान

श्रीकाळभैरव सहाय. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, पौष मासी उत्तरेकडील हिमप्रांती जे वर्तमान जाहले ते ऐसे. त्या मुलखी दौलत थोर, जमीन अफाट आणि माणूस कमी. म्हणोन हुजुरांनी सुभ्यासुभ्यास अधिकार दिल्हा होता की, परमुलखीचा हुन्नरी माणूस कामाचा दिसला तर सुभेदाराने त्याची शिफारस करावी आणि हुजुरांनी त्यास कायम वस्तीची सनद द्यावी. मग त्या आशेने देशोदेशीचे लोक आले, आणि त्यांत वाईकडील निवृत्तीराव सोनवलकर आचारी, कुटुंब शालनबाई यांसहित, सरोवराकाठच्या एका लहान कसब्यात येऊन राहिले. निवृत्तीराव पीतरसाहेबांच्या खाणावळीचा मुदपाक सांभाळीत. शालनबाई गावी रुग्णालयात परिचारिका होत्या, त्या येथे वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करीत. पीतरसाहेबांनी वचन दिल्हे होते की, येत्या साली तुमची शिफारस करवितो. त्या भरवशावर उभयतां सुखाने होती.

तों हुजुरांत मसलत जाहली की, परके लोक बहुत आले, घरे पुरेनात. आणि आज्ञा सुटली की, सर्व सुभ्यांच्या शिफारशी निम्म्या कराव्या. सुभेदार बहुत कष्टी जाहले, परंतु आज्ञेपुढे इलाज नाही. मग त्यांनी ठरविले की, उरल्या जागा रुग्णसेवा आणि इमारतकाम करणारांस द्याव्या, खाणावळीच्या लोकांस तूर्त देऊ नयेत. हे वर्तमान घेऊन पीतरसाहेब खासा मुदपाकखान्यात आले आणि टोपी काढून बोलले, "निवृत्ती, मी शब्द दिला होता. आता तो माझ्या हातात राहिला नाही." निवृत्तीराव बोलले, "साहेब, यात तुमचा काय दोष?" आणि पुन्हा चुलीकडे वळले, परंतु ते दिवशी रश्श्यात मीठ दोनदा पडले.

घरी आले तो शालनबाईंस सर्व ठाऊक होते. त्या बोलिल्या, "अहो, आषाढात आपला इथं राहण्याचा परवाना संपतोय. खाणावळीचं दार लागलं, पण रुग्णसेवेचं उघडं आहे. अर्ज माझ्या नावानं करू. तुम्ही माझं कुटुंब म्हणून या." हा बोल निवृत्तीरावांस लागला. त्यांचे घराण्यात कोणी पुरुष बायकोचे कुटुंब म्हणोन लिहिला गेला नव्हता. ते इतकेच बोलले, "कर काय करायचं ते," आणि ताट सारून उठले, आणि मग कितीक दिवस घरात कामापुरतेच बोलणे राहिले.

त्या अर्जास राजभाषेची परीक्षा देणे प्राप्त होते. शालनबाईंस बोलणे उत्तम येई, लिहिणे कच्चे. आणि वृद्धाश्रमात हेलगाबाई नामे एक वृद्धा होत्या, ज्यांनी उभी हयात शाळेत मुले शिकविली, त्यांनी आपण होऊन शिकविणे पत्करिले. तथापि पहिले वेळी लेखनात अपेश आले. शालनबाई घरी येऊन अंगावरचा डगला न काढता तैशाच बसल्या आणि बोलिल्या, "चला, परत जाऊ. मला नाही जमायचं." निवृत्तीरावांनी त्यांचे हात पाहिले, म्हाताऱ्यांस न्हाऊमाखू घालून घालून थंडीने उललेले, आणि त्यांचे मनातील अढी सुटली. ते जवळ बसून बोलिले, "गावची कायमची नोकरी सोडून तू माझ्यामागं आलीस, आणि कधी बोलून दाखवलं नाहीस. आता थोडे दिवस मला तुझ्यामागं राहू दे."

मग त्यांनी धन्यास सांगोन पहाटेची पाळी घेतली, आणि घरचे झाडलोट-धुणे अंगावर घेतले, आणि दोन प्रहरी डबा घेऊन वृद्धाश्रमी जाऊ लागले. हेलगाबाईंस दात नव्हते, म्हणोन त्यांजकरितां निराळी आसट खिचडी नेत. बाई ती खात आणि म्हणत, "डबा ठेव आणि गप्प बस. हिचा निबंध अर्धा राहिलाय." निवृत्तीराव गप्प बसत. ऐसे होता होता विश्वावसु संवत्सरी चैत्रात शालनबाई परीक्षेस उतरल्या, आणि वृद्धाश्रमाने त्यांस कायम चाकरी दिल्ही, आणि सुभेदारांनी शिफारस केली, आणि तिच्या बळावर परवान्यास मुदत वाढोन मिळाली, आणि मार्गशीर्षात सनद तयार जाहल्याचा सांगावा आला.

उभयतां कचेरीत गेली. कारकुनाने विचारिले, "मुख्य अर्जदार कोण?" निवृत्तीराव पुढे होऊन बोलले, "ह्या, शालन सोनवलकर. मी यांचं कुटुंब." कारकुनास त्यात नवल काही वाटले नाही, त्याने तैसे लिहून घेतले. बाहेर बर्फात येताच शालनबाई बोलिल्या, "केवढ्यानं ओरडलात. सगळी कचेरी बघत होती." निवृत्तीराव बोलले, "बघू दे की."

खाणावळीतील दुसरे दोघे आचारी यांस मात्र मुलूख सोडणे प्राप्त जाहले. त्यांस निवृत्तीरावांनी घरी पुरणपोळी जेवूं घालून, स्थानकापर्यंत पोहोचवून निरोप दिल्हा.

एवं हुजुरांनी निम्मे काढिले, सुभ्याने निम्मे राखिले, आणि त्या राखिल्यात हे एक घर राहिले. निवृत्तीराव सुभेदाराचे, पीतरसाहेबांचे आणि हेलगाबाईंचे उपकार नित्य मानितात. आणि कोणी विचारिले की, सनद कोणामुळे मिळाली, तर आधी शालनबाईंचे नाव घेतात, मग बाकीच्यांचे.