डोंबिवली नावाची युद्धनौका

माझ्या भावाला मुलगा झाला तेव्हा पहिली चौकशी आली ती समोरच्या दारातून. वायंगणकरकाका उंबऱ्यावर उभे राहून म्हणाले, "वजन किती?"

"साडेसहा पौंड," भाऊ म्हणाला.

काकांनी डोळे मिटून विचार केला. "म्हणजे लहान वर्ग. पण आवाज दणदणीत आहे, मारा चांगला करणार. कॉर्व्हेट धरू या, छोटी लढाऊ नौका. कॉर्व्हेटला हत्याराचं नाव देतात. कुठार ठेवा."

"कुठार म्हणजे?" आतून वहिनीचा आवाज आला.

"कुऱ्हाड."

वहिनी बाळंतीण होती म्हणून निभावलं. भावाने हसू दाबत विचारलं, "काका, पोराचं नाव कुऱ्हाड कोण ठेवतं?"

काका शांतपणे म्हणाले, "नौदल ठेवतं."

डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या अंगाला आमची चार मजली बिल्डिंग होती. गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची. दत्ताराम वायंगणकर मुंबईत एका विमा कचेरीत हेडक्लार्क. उंच, काटकुळे, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. नवीन माणसाला वाटायचं, हे नौदलातून निवृत्त झालेत. प्रत्यक्षात बोटीत ते जन्मात एकदाच बसलेले. शालनकाकूंना घेऊन घारापुरीच्या लाँचमध्ये बसले आणि लाँच सुटायच्या आधीच त्यांना उलटी झाली. लेणी काकूंनी एकट्याने पाहिली. काका तिथल्या धक्क्यावर बसून राहिले, परत याच लाँचमधून जायचंय या विचाराने पिवळे पडून.

त्यांना नाद होता तो जहाजांचा नव्हे, जहाजांच्या नावांचा. लहानपणी देवगडकडच्या गावी किनाऱ्यावर उभे असताना त्यांना लांब एक करडं जहाज दिसलं होतं. "त्याचं नाव काय?" असं त्यांनी वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, "जहाजाला कसलं नाव? जहाज ते." हे उत्तर काकांना जन्मभर पचलं नाही.

पेपरात नौदलाची चार ओळींची बातमी आली की जिन्यात जो सापडेल त्याला काका थांबवत. "हे बघ, तिथे मनाला येईल ते नाव नाही ठेवत. दिल्लीत समिती बसते. आधी वर्ग ठरतो. मोठ्या लढाऊ नौकांना शहरं. दिल्ली, म्हैसूर. त्याखालोखाल फ्रिगेट, त्यांना नद्या आणि डोंगर. गोदावरी, गंगा, गोमती. बघितलंस? तिन्ही ग! पाणबुडीला जलचर, छोट्या चपळ नौकांना हत्यारं. वर्ग ठरला की नाव आपोआप येतं." मग आवाज खाली आणून म्हणत, "नौका भंगारात जाते. नाव नाही जात. तेच पुढच्या नौकेला देतात."

एवढ्यावर थांबले असते तर कुणाची तक्रार नव्हती. पण ते प्रत्येक गोष्टीचा वर्ग विचारायचे. एकदा मला बघायला मुलगा आलेला. काका मुद्दाम आमच्याकडे येऊन बसले, चहा घेतला आणि त्याच्याकडे रोखून बघत म्हणाले, "वर्ग कोणता?"

मुलगा गडबडून म्हणाला, "सेकंड क्लास. बी.कॉम."

काका नाराज झाले. खरं तर मीही झाले, पण कारण वेगळं होतं.

सोसायटीच्या विहिरीतला पंप पाण्याखाली राहतो, म्हणून त्याचं नाव त्यांनी 'शिशुमार' ठेवलं. शिशुमार हा जलचर आणि पाणबुडीचंही नाव. बोलता बोलता ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. एके दिवशी सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं, 'शिशुमार गेल्यामुळे आज पाणी येणार नाही.' तळमजल्यावर नवीन राहायला आलेल्या बाई पांढरी साडी नेसून सांत्वनाला वर आल्या. कुणाच्या घरी जायचं तेच त्यांना कळेना.

काकांचं खरं स्वप्न मात्र मोठं होतं. नौदलाच्या एका तरी मोठ्या नौकेला 'डोंबिवली' हे नाव मिळालं पाहिजे.

त्यासाठी अर्ज लागणार आणि तो इंग्रजीत टाइप करावा लागणार. मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत टायपिस्ट होते, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. जेवणाच्या सुट्टीत मी टाइप करायला बसायचे. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काका, डोंबिवलीला समुद्र कुठाय?"

"दिल्लीला कुठाय?" काका म्हणाले. "आपल्याला निदान खाडी तरी आहे."

आमच्या ऑफिसातले म्हात्रे पक्के ठाणेकर. ते म्हणाले, "तुमच्या काकांना विचार, आमचं ठाणं काय वाईट आहे?" मी तसा निरोप दिला. काकांनी त्यावर खरोखर एक रात्र विचार केला आणि सकाळी दार वाजवून सांगितलं, "ठाणे नको. लोकांना पोलीस ठाणं वाटेल. चोरीची तक्रार द्यायला बोटीवर चढतील."

मग सह्यांची मोहीम निघाली. गणपतीच्या मंडपाबाहेर काका टेबल टाकून बसले. लोकांनी भराभर सह्या केल्या. आमच्याकडे तेव्हा पाण्याची बोंब होती आणि टेबलावर बसलेला सभ्य गृहस्थ बघून सगळ्यांना वाटलं, पाण्यासाठीच अर्ज असणार. ते काकांच्या लक्षात आलं तेव्हा कागद निम्मा भरला होता. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. काका सही केलेल्या एकेका माणसाला गाठून सांगत सुटले, "तुमचा गैरसमज झाला. पाणी येणार नाही. जहाज येणार आहे." निम्म्याहून जास्त लोकांनी सह्या खोडायला लावल्या. काकांनी त्या पट्टी ठेवून नीट खोडल्या.

खोटं म्हणून त्यांना बोलताच यायचं नाही. शेजारणीने नवी साडी दाखवली की काकू त्यांना आत पाठवत.

या सगळ्यात त्यांचा एकच खरा शत्रू होता, आणि तो घरातलाच. त्यांचे साडू, परबमास्तर. काकूंची धाकटी बहीण लीलाताई कल्याणला परबांच्या घरी दिलेली. मास्तर तिथल्या शाळेत इतिहास शिकवायचे. गोल, गोरे, खर्जातला आवाज. दोघा साडूंचं एरवी इतकं गूळपीठ, की दर रविवारी एकमेकांकडे जेवायला. आणि इतकं असून एकमेकांना अहोजाहो.

मास्तरांच्या मुलीच्या साखरपुड्याला आम्हीही गेलेलो. पंगत बसली होती. कुणीतरी हसत विचारलं, "काय वायंगणकर, आलं का तुमचं जहाज?"

काका काही बोलणार तोच मास्तर म्हणाले, "अहो, नाव द्यायचंच तर कल्याणचं द्या. महाराजांनी पहिली गलबतं बांधली ती आमच्या खाडीत. तुमच्या डोंबिवलीत तेव्हा काय होतं? गवत."

"विषय इतिहासाचा नाही, परब. विषय नावाचा आहे," काका म्हणाले. "डोंबिवली! भर समुद्रात कसं घुमेल बघा."

"घुमेल ना. शत्रू हसूनच मरेल, तोफ डागायला नको."

सगळी पंगत हसली. वाढपी हसला. मीही हसले. काकांनी पानातली जिलबी तशीच ठेवली, हात धुतला आणि चालू पडले. शालनकाकू घास हातात धरून बहिणीकडे बघत राहिल्या.

त्यानंतर रविवारची जेवणं बंद. मास्तरांनी हट्टाने स्वतःचा अर्ज पाठवला, 'कल्याण' नावासाठी. इकडून काकांचे अर्ज जातच होते. दिल्लीहून दोघांनाही एकच उत्तर यायचं, पत्र मिळालं, नोंद घेतली आहे. 'घेतली आहे' या शब्दांत काकांना प्रत्येक वेळी नवा अर्थ दिसायचा. दोघी बहिणींनी मात्र आपला मार्ग काढला. डोंबिवली आणि कल्याणच्या मधलं स्टेशन ठाकुर्ली. तिथे त्यांची एक मामेबहीण राहायची. तिच्याकडे दोघी दर पंधरवड्याला भेटून, रडून, हसून, लोणच्याच्या बरण्या बदलून घरी जायच्या. काकांना हे माहीत होतं. पलीकडून आलेलं लोणचं ते निमूट खायचे आणि "कैरी कल्याणची वाटते, आंबट आहे," एवढंच म्हणायचे.

अशी दोन-तीन वर्षं गेली आणि एका दुपारी निरोप आला. मास्तरांना हार्ट अटॅक आला होता.

जिवावरचं संकट टळलं, पण मास्तर सावरेनात. लीलाताई ठाकुर्लीला येऊन काकूंच्या गळ्यात पडून रडली. "भिंतीकडे तोंड करून पडून राहतात गं. जेवत नाहीत, बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात औषध चाललंय, पण माणसाला उमेदच नाही."

तिसऱ्या दिवशी काकांनी शर्ट घातला आणि माझं दार वाजवलं. "चल. काकूला घेऊन कल्याणला जायचंय. तू पण चल. मध्ये कुणी तरी हवं."

हॉस्पिटलच्या खोलीत मास्तर खरंच भिंतीकडे तोंड करून पडले होते. गोल माणूस निम्मा झाला होता. उशाशी पेजेची वाटी तशीच, वर साय धरलेली. लीलाताई म्हणाली, "अहो, कोण आलंय बघा." मास्तरांनी मान वळवली, काकांना पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

काका स्टुलावर बसले. काकांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी रुमाल काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली.

"परब," ते म्हणाले, "दिल्लीहून कळलं."

त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

"कल्याण ठरलं."

मी काकांकडे बघतच राहिले. दिल्लीशी त्यांचा सगळा व्यवहार माझ्या हातून व्हायचा. तसं काहीही आलेलं नव्हतं.

मास्तर हळूहळू वळले. "काय ठरलं?"

"नाव. मोठ्या वर्गात. कल्याण."

"आणि डोंबिवली?"

"नापास."

"कारण?"

काकांची ही तयारी नव्हती. त्यांनी छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, घाम पुसला. "लांब आहे," ते म्हणाले. "जहाजाच्या पाठीवर मावत नाही."

मास्तर क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. आवाज न करता ते इतके हसले की लीलाताई घाबरून नर्सला हाक मारायला निघाली. "मी म्हणालोच होतो," मास्तर म्हणाले. "त्या साखरपुड्यातच म्हणालो होतो." आणि हात पुढे करून म्हणाले, "ती पेज द्या इकडे."

पंधरा दिवसांत मास्तर घरी आले. महिनाभरात डोंबिवलीला आमच्या जिन्यात उभे राहिले, हातात पेढ्यांचा पुडा. प्रत्येक दार वाजवून म्हणाले, "कल्याणचं जहाज ठरलं. तोंड गोड करा." काकांच्या दारात जाऊन त्यांनी सगळ्यात मोठा पेढा काढला. काकांनी तो खाल्ला आणि म्हणाले, "अभिनंदन."

पुढे कित्येक दिवस बिल्डिंगमध्ये काकांचं जगणं अवघड झालं. पोरंसोरं विचारायची, "काका, डोंबिवली नापास?" काका मान खाली घालून म्हणायचे, "हो रे, नापास." सेक्रेटरींनीसुद्धा सोडलं नाही. ते म्हणाले, पाठीवर मावत नाही तर पोटावर लिहा. काका हेही ऐकून घ्यायचे. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, मास्तर आता ठणठणीत आहेत. सांगून टाका ना खरं काय ते."

"नको गं," ते म्हणाले. "त्यांनी कल्याणमध्ये सगळ्या माजी विद्यार्थ्यांना पेढे दिलेत. आता मागे कसे घेणार?"

डॉक्टरांनी मास्तरांना रोज चालायला सांगितलं होतं, एकट्याने नाही. काका संध्याकाळी कचेरीतून सुटले की डोंबिवलीला न उतरता थेट कल्याणला जायचे आणि मास्तरांना दुर्गाडी किल्ल्याच्या बाजूला खाडीपर्यंत चालवून आणायचे. एका शनिवारी मीही गेले. चालून झाल्यावर आम्ही तिघं बाकावर बसलो, मी मध्ये. काका शेंगदाणे आणायला उठले, तेव्हा मी मास्तरांना सहज म्हटलं, "मास्तर, जहाज कधी येणार म्हणे तुमचं?"

मास्तर खाडीकडे बघत म्हणाले, "कसलं जहाज?"

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"अगं, नौदल काय साडूमार्फत निरोप पाठवतं?" ते म्हणाले. "आणि पाठीवर मावत नाही! एवढी मोठी नौका, तिच्या पाठीवर आख्खं तुमचं डोंबिवली राहायला जाईल."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"घाम बघितलास ना त्याचा? मी इतकी वर्षं पोरांना खोटं बोलताना बघितलंय, पण असं वाईट खोटं बोलणारा पोरगा नाही बघितला. या माणसाने स्वतःच्या बायकोला कधी 'भाजी छान झाली' म्हटलेलं नाही. आणि तो माझ्यासाठी स्वतःचं गाव नापास करून बसला." मास्तरांनी नाक ओढलं. "मी वाटले ते पेढे त्याचे होते गं. जहाजाचे कुठले?"

"मग सांगत का नाही त्यांना?"

"वेडी आहेस का? लगेच अर्ज करेल, चूक दुरुस्त करा म्हणून."

समोरून काका येत होते. हातात कागदाच्या दोन पुड्या, एक माझी आणि एक मास्तरांची. "परब, तुमचे बिनमिठाचे," ते म्हणाले. "तोंड वाकडं करायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"अहो, बिनमिठाचे शेंगदाणे माणूस खातो का वायंगणकर?"

"मी खातोय ना," काका म्हणाले, आणि मास्तरांच्याच पुडीत हात घालून त्यांनी मूठभर दाणे तोंडात टाकले.

मी उठून बाकाच्या कडेला सरकले. काका मधल्या जागेवर बसले.