उंदरांची खांदेसूज

जनावराची पीडा ओळखावी तर ती टिकाराम कंपाउंडरनेच! हे वाक्य माझं नाही, लामता गावच्या एका म्हातारीचं आहे. पण मी ते इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं, की हळूहळू ते माझंच होऊन बसलं. बालाघाटला ढोरांच्या दवाखान्यात मी बारा वर्षं कंपाउंडर होतो. गाय लंगडली तर नुसत्या चालीवरून मी खूर सांगायचो. त्यामुळे पुढे जे घडलं, ते माझ्याकडून कसं घडलं, हे मला अजून कुणाला नीट समजावून सांगता आलेलं नाही. बायकोला तर नाहीच नाही.

साल छासष्ट. दरवर्षी पोळ्याच्या तोंडावर डॉक्टरसाहेब मला बाजाराच्या गावी भाषणाला धाडत. विषय ठरलेला, बैलाचा खांदा. धानाच्या चिखलणीत बैल राबतात, जू घासून घासून मानेचं कातडं सोलतं, मग गाठ येते. तिला खांदेसूज म्हणतात. हे सगळं सांगून झालं की मी आवाज चढवायचो आणि म्हणायचो, "ज्याच्या बैलाचा खांदा लागला, त्या मालकाच्याच मानेवर एक दिवस जू ठेवा!" इथे टाळी पडायची. घरी सराव करताना माझी मुलगी पुष्पलता समोर बसायची. तिसरीत होती. टाळी नेमकी कुठे वाजवायची हे तिला पाठ होतं.

या पुष्पलतेसाठी तिच्या मामाने, म्हणजे मोतीलालने, आखाडात दोन पांढऱ्या उंदऱ्या आणल्या. मोतीलाल नागपूरला एका औषधाच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. तिथे उंदरांना सुया टोचून औषधं तपासत. या दोघींचा नंबर लागायच्या आत त्याने त्या साहेबांकडून मागून घेतल्या होत्या. पोरीने त्यांची नावं ठेवली चिन्नोर आणि लुचई. दोन्ही आमच्याकडच्या तांदळांची नावं, आणि रंगही तसाच. खोक्यात कापूस घातला, नारळाच्या करवंटीचं घर केलं, आणि मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबूजी, आता यायले कोनी त्रास देनार नाई ना?"

"कोनी नाई," मी म्हणालो.

"तुमी लक्ष ठेवान?"

"हौ. मी कंपाउंडर आहो ना."

तिने माझा हात धरून चिन्नोरच्या पाठीवर ठेवला आणि तसंच पुन्हा वदवून घेतलं. त्या बोटभर जिवाचं काळीज माझ्या तळहाताखाली धडधडत होतं. मी शपथ घेतली. अगदी मनापासून घेतली, हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढे सांगायला तोंड राहणार नाही.

आता आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मोठे लोक खऱ्या बैलांचा पोळा करतात, पोरं लाकडी बैलांचा. बैलाला सजवायचं, दोरीने ओढत तोरणाखाली न्यायचं, मग घरोघर हिंडून बोजारा मागायचा. बोजारा म्हणजे पोळ्याचा खाऊ. आमच्या शेजारी दुलीचंद, बांबूचा ठेकेदार. त्याने पोरासाठी नागपूरहून बैल आणवला. पोराच्या कमरेइतका उंच, पितळी शिंगं, चाकं अशी की फुंकर मारली तरी पळावीत. दुलीचंद तो अंगणात उभा करून दिवसभर पुसत बसे. पोराला हात लावू देत नसे.

पुष्पलता म्हणाली, बाबूजी, मलेही एक लहानसा बैल घ्या. एवढी साधी गोष्ट होती. घेतला असता तर ही कथा इथेच संपली असती. पण कुंपणापलीकडून दुलीचंदने विचारलं, "काहो कंपाउंडर, यंदा तुमच्या इथून कोनता बैल निघनार?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचा लाकडाचा नाई राहनार, ठेकेदार. आमचा जिवंत राहील."

झालं! जीभ घसरली आणि तिच्यामागून मी. पोरीला म्हटलं, बैल मागू नकोस, गंमत आहे. डोक्यात सगळं तयार होतं. काडेपेटीची गाडी, शर्टाच्या गुंड्यांची चाकं, बांबूच्या कामटीचं जू, आणि त्याला पांढरीशुभ्र जोडी. साऱ्या वस्तीने तोंडात बोट घालावं!

पुष्पलता शाळेत गेली आणि सीता, म्हणजे आमच्या सौ., दुपारची कलंडली, की मी जेवणाच्या सुटीत धानाच्या कोठीमागे शिकवणी घ्यायचो. पहिल्या दिवशी जू मानेवर ठेवताच चिन्नोर खाली बसली आणि तोंड धुऊ लागली. लुचईने मागे वळून दोरा खाल्ला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग जनावराची पीडा ओळखणाऱ्या या माणसाने काय करावं? पोर शाळेत जाताना त्यांच्या वाटीत मुरमुरे आणि भिजवलेले चणे ठेवून जायची. ती कोपऱ्यावर वळली की मी ती वाटी उचलू लागलो.

उपाशी जीव चालतोच. दुपारी कोठीच्या त्या टोकाला मी मुरमुरे ठेवायचो आणि दोघी गाडी ओढत तिकडे निघायच्या. गुंड्या कुरकुरायच्या. मला इतका आनंद व्हायचा की मी तोंडाने "हुर्र, हो हो" सुद्धा करायचो. पोचल्यावर चार दाणे, की पुन्हा फेरी. पोर घरी यायच्या आत रिकामी वाटी जागेवर.

सातव्या-आठव्या दिवशी पुष्पलता लुचईला ओंजळीत घेऊन आली. "बाबूजी, हे बारीक होऊन राह्यली. वाटी तर रोज रिकामी राहते." मी लुचईचं पोट दाबून पाहिलं, कान पाहिला, आणि गंभीरपणे सांगितलं की हवा बदलली आहे, जिऱ्याचं पाणी द्या. पोरीचा माझ्यावर केवढा विश्वास! तिने जिरं उकळलं. संध्याकाळी पाहतो तर स्वतःच्या वाटीतलं अर्धं दूधही तिने त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्या रात्री मला घास गोड लागला नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा वाटी उचलली. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, बैल तर बारा महिने राबतात, असं मी मनाला समजावलं. मनही माझंच, ते लगेच समजलं.

पोळ्याला तीन दिवस उरले असताना परसवाड्याचा बाजार आला. भाषण असं रंगलं की विचारू नका! मालकाच्या मानेवर जू, म्हटलं आणि टाळ्या थांबेनात. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. त्याच गुंगीत मी दुपारच्या बसने परत आलो आणि साहेबांना बातमी द्यायला थेट दवाखान्यात गेलो.

ओसरीवर दहा-बारा शेतकरी आपापले बैल घेऊन रांगेत उभे होते. महागू नावाच्या शेतकऱ्याच्या थोराड बैलामागे, शाळेची पेटी छातीशी धरून, पुष्पलता उभी होती. पेटीच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली.

मी तिला घरी पाठवायला पुढे झालो, तोवर तिचा नंबर लागला होता. डॉक्टरसाहेब जबलपूरकडचे. हसतील आणि वाटेला लावतील, असं मला वाटलं. ते हसले नाहीत. बैलाला बघावं तसं त्यांनी चिन्नोरला टेबलावर घेतलं, खिशातून भिंग काढलं आणि बराच वेळ वाकून राहिले. मग लुचईला पाहिलं. मग मला.

"टिकाराम, इधर आओ. ये क्या है?"

मी भिंगातून पाहिलं. मानेमागचे केस घासून गेले होते. खाली लालसर, मुगाएवढी सूज. बारा वर्षांत अशा हजार सुजा मी पाहिल्या होत्या, फक्त त्या बैलांच्या मानेवर होत्या.

"मच्छर चावला असन, साहेब."

"दोनों को? एक ही जगह? एक ही लाइन में?"

"मच्छरच... तसा असन."

साहेबांनी भिंग पुसलं. "ये कंधा लगा है. इस चूहे को किसी ने जोता है."

बैलांनीसुद्धा रवंथ थांबवल्यासारखं मला वाटलं. महागू बाजूच्याला म्हणाला की उंदराले कोन नांगराले जुंपते बा, आणि कुणीतरी खुसकन हसलं. तेव्हा पुष्पलता माझ्याकडे वळली. रडत नव्हती. तिचं तोंड सुकलं होतं.

"बाबूजी, भाषनात तुमी म्हनता ना, मालकाच्या मानेवर जू ठेवा? यायची मालक तर मीच आहो. मले समजलंच नाई, यायले काय होऊन राह्यलं ते. मंग माह्याच मानेवर ठेवा."

आणि तिने खरोखरच मान खाली घातली. दोन वेण्या, मधे भांग, आणि ती एवढीशी मान.

मंडळी, धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक उगाच म्हणतात. धरणी घेत नाही. तिथेच उभं राहावं लागतं. मी सगळं सांगितलं. कोठी, काडेपेटी, गुंड्या. वाटी उचलायचं सांगताना आवाज फुटेना. साहेब म्हणाले, जोर से बोलो. मी जोरात सांगितलं. अकरा दिवस उपाशी ठेवल्या, हे महागूच्या बैलानेसुद्धा ऐकलं.

साहेबांनी दोघींच्या मानेला जांभळं औषध स्वतः लावलं. मी बाटली धरायला पुढे झालो, तर बाटली त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. शेवटी एवढंच विचारलं, "भाषण अच्छा हुआ?"

"हौ, साहेब," मी म्हणालो.

घरी जाताना पुष्पलता रस्त्याच्या त्या बाजूने चालली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. सीता बोलली, पण ते न बोलती तर बरं होतं. ती लामत्याच्या शेतकऱ्याची मुलगी. म्हणाली, "पोयाच्या दोन दिवसांत माह्या बापानं कधी बैलाच्या मानेवर जू ठेवलं नाई. अन् तुमी त्याच दिवशी उंदराले जोतनार होते." जनावराला जू न लावण्याचा वर्षातला एकमेव सण, आणि मी नेमका तोच मुहूर्त धरला होता! हे ढोरांच्या कंपाउंडरच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदे शेकतात. तुपात हळद कालवून पळसाच्या पानाने बैलाच्या खांद्याला लावायची आणि त्याला जेवणाचं आमंत्रण द्यायचं. आमच्या घरी मातीच्या बैलांचे शेकतात. यंदा पाटावर मातीच्या बैलांशेजारी खोकं आलं. पुष्पलतेने पळसाचं पान कात्रीने चिमुकलं कापलं, जांभळ्या डागांच्या कडेकडेने तूप-हळद लावली आणि म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी दारात उभा राहून बघत होतो. मला कुणी आत बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा पहिला घास खोक्यात गेला.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी पुष्पलता माझ्यासमोर आली. "बाबूजी, माह्याजोळ बैल नाई."

चार दिवसांनी पहिला शब्द! मी पायांत चपला घातल्या. म्हटलं, आत्ता आणतो, सगळ्यात मोठा आणतो. ती म्हणाली, बाजारात एकही उरला नाही, ती कालच बघून आली. मग पाठीमागे धरलेला हात तिने पुढे केला. हातात दोर होता आणि कपडे वाळवायचा बांबू.

"तुमीच म्हनता भाषनात."

मी आशेने सीताकडे पाहिलं. आज जू ठेवणं पाप, हे तिचंच वाक्य होतं.

"जनावराच्या मानेवर," सीता म्हणाली आणि बांबूला झेंडूची माळ बांधून दिली.

अशा रीतीने मी तोरणाखाली उभा राहिलो. डावीकडे दुलीचंदच्या पोराचा पितळी शिंगांचा बैल, उजवीकडे वीतभर उंचीचे बैल, मधे मी, कपाळाला गुलाल. दुलीचंदने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जिवंत आनतो म्हनलं होतं, अन् आनला बी," तो म्हणाला. "कंपाउंडर शब्दाचा पक्का आहे." मग बोजारा मागायला घरोघर. कुणी मला गूळ भरवला, कुणी पाणी दाखवलं. शेवटी पुष्पलतेने दोर वळवला तो डॉक्टरसाहेबांच्या बंगल्याकडे. साहेब बाहेर आले, माझ्या मानेवरचा बांबू उचलला, चष्मा वर करून खाली पाहिलं, आणि मुलीला गंभीरपणे सांगितलं, "कंधा ठीक है, बेटी. अभी और चल सकता है."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा मान खरंच ठणकत होती. बैलांचं काय होत असेल, हे भाषणात सांगणं वेगळं. मी पाटावर बसलो. पुष्पलता उरलेलं तूप-हळद घेऊन आली आणि माझ्या मानेला हळूहळू लावू लागली. एवढासा हात. माझे डोळे भरून आले. वाटलं, सुटलो, पोरीने माफ केलं. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"घेतलं बाई, घेतलं," मी म्हणालो आणि ताटाकडे सरकलो.

ताट नव्हतं. सीताने पुरणपोळ्यांच्या डब्यावर झाकण ठेवलं होतं.

"उद्या, बाबूजी," पुष्पलता म्हणाली. "आज उपास आहे. अकरातला हा एक, बाकीचे दहा तुमी आपल्या मनानं धरा."

ती मुरमुऱ्यांची वाटी घेऊन खोक्याकडे गेली. मी पाटावरच बसून राहिलो. चिन्नोर आणि लुचई दोघी कुरकुर खात होत्या. पोटभर खाऊन झाल्यावर लुचई करवंटीच्या दारात आली, माझ्याकडे बघितलं, आणि शांतपणे तोंड धुऊ लागली.