नमुना क्रमांक बेचाळीस

"आता आपला संगणक चुकणारच नाही!" रुबीनाने ठणकावून सांगितलं आणि गडचिरोलीच्या त्या लहानशा मलेरिया संशोधन केंद्रात टाळ्या पडल्या.

सन २००३. रक्ताच्या नमुन्यांच्या नोंदीत कोणी 'हिवताप' लिही, कोणी 'थंडीताप', कोणी नुसतंच 'आंग गरम'. संगणक बिचारा त्यांना तीन आजार समजे! रुबीनाने चार महिने खपून तीनशे बारा शब्दांची यादी केली. यादीतलाच शब्द निवडायचा, रकाना कोरा सोडायचा नाही. शिवाय रक्त माणसाचं, म्हणून रक्ताबद्दल जे लिहाल ते माणसालाही आपोआप लागणार. रक्तगट दोनदा लिहायला नको! आणि एकदा 'मृत' नोंदलं की बदल नाही.

"मेलेला माणूस थोडाच उठून बसतो?" ती हसून म्हणाली होती.

पहिला प्रयोग: बर्फाशिवाय ठेवलेल्या रक्तातले जंतू किती दिवस जगतात? एका जंगलगावातल्या रुग्णांचे एक्केचाळीस नमुने आले. तुलनेसाठी बेचाळिसावा मलेरिया नसलेल्याचा हवा होता. तो भद्रावतीच्या तिच्या अब्बांनी, नूरुद्दीननी दिला. आठव्या दिवशी जंतू मेले. रुबीनाने 'स्थिती'पुढे 'मृत' निवडलं. अब्बांच्या रक्तात जंतू नव्हतेच. पण 'लागू नाही' हा शब्द यादीत घालायचा राहिला होता. मग तिथेही 'मृत'च.

दुसऱ्या सकाळी यंत्रातून कागद निघाला: एकाच गावात एक्केचाळीस माणसं मृत! केंद्रप्रमुख गेडाम सर पांढरेफटक पडले आणि कोणाला काही विचारण्याआधी जिल्ह्याला फॅक्स करून मोकळे झाले.

"सर, जंतू मेलेत! माणसं नाही!"

"तूच म्हणालीस ना, चुकणारच नाही म्हणून?"

पुढे पोलिसांची जीप, मागे केंद्राची. गावात शिरले, तर चुली धुमसत होत्या, कोंबड्या फिरत होत्या, माणूस एकही नाही!

"सगळेच?" सर कुजबुजले.

रुबीनाला वाटलं, आपण लिहिलं ते खरंच झालं की काय!

तेवढ्यात गावातली आरोग्यसेविका कलाबाई मोहाच्या झाडामागून डोकावली. "पोलिसायची गाडी पाहून पळालो जी! काऊन आले?"

"तुम्ही मेल्याची नोंद आहे, बाई," सर म्हणाले.

"मी? मले तं कोनी सांगतलं नाई!"

दुपारपर्यंत एकेक जण जंगलातून परतला. सर प्रत्येकाची नाडी पाहून कागदावर खूण करत होते. एक्केचाळीस पुरे झाले.

"आणि बेचाळीस?" सरांनी विचारलं.

बेचाळीस म्हणजे रुबीनाचे अब्बा. गडचिरोलीला येऊन तिने अब्बांच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. तो वाजत राहिला. नोंद खोटी आहे हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी ती एसटीत बसली. चंद्रपूर येईपर्यंत मागच्या वेळी ती घरून निघाली तेव्हा अब्बा काय म्हणाले होते ते आठवू पाहत राहिली. आठवेना.

भद्रावतीला घराचं दार बंद होतं. तिने कडी वाजवली. आत काही हललं नाही. पुन्हा वाजवली. मग दोन्ही हातांनी दार बडवलं.

"नमाज पढत होतो न! दार तोडतं का बेटा?" अब्बा समोर उभे.

ती तिथेच उंबऱ्यावर बसली. मग सगळं सांगितलं. 'मृत' खोडता येत नव्हतं, म्हणून साऱ्या गावाला नवे क्रमांक मिळणार होते. अब्बा आता क्रमांक चौऱ्याऐंशी.

अब्बांनी चष्मा लावून नवा फॉर्म वाचला. "मेला त्याले शुगर होती. या नव्याचा आजाराचा रकाना कोरा दिसते."

"भरायचाय अजून."

त्यांनी शांतपणे पेन घेतला आणि लिहिलं: 'नाही'. "तुझ्याच यादीतला शब्द हाये न? मग चहात साखर टाक!"

रुबीनाने एक चमचा टाकला. दुसरा अब्बांनी स्वतः टाकला.

तिने तो पाहिला नाही. निदान नोंद तरी तशीच आहे.